उचंत खातं

देव आजार बरे करतो की नाही, या विषयावर बोलायचा अधिकार नक्की कुणाचा? धर्मगुरूंचा म्हणावा, तर त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. डॉक्टरांचा म्हणावा, तर त्यांचाही. तत्त्वज्ञाकडे जावं, तर तो आधी ‘बरं होणं म्हणजे नेमकं काय?’ असं विचारतो, आणि त्याची व्याख्या पुरी होईपर्यंत रोगी एक तर बरा होतो, नाही तर व्याख्येच्या पलीकडे निघून जातो. राहता राहिला कोण? सेकंड क्लासात बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला कारकून. हसू नका. मी हे गंभीरपणे म्हणतो आहे.

कारण चमत्कार झाला म्हटलं तरी ती अखेर एक जमेची नोंद असते. कुणाच्या तरी खात्यावर आयुष्याची चार वर्षं जमा झालेली दिसतात, पण ती भरली कुणी याची स्लिप सापडत नाही. आता अशा रकमेचं काय करायचं, हे कुठल्याही धर्मग्रंथापेक्षा बँकेला जास्त चांगलं माहीत आहे. जुने लोक त्याला उचंत खातं म्हणत. आम्ही सस्पेन्स म्हणतो. पैसे आलेत हे खरं, पण कुणाचे ते कळत नाही, म्हणून मालक सापडेपर्यंत ते तिथे ठेवायचे.

आमच्या शाखेत एकदा अकरा हजार सातशे रुपये असे बेवारशी येऊन पडले. बातमी शिपायामार्फत फुटली. (कॉम्प्युटर आले तरी ही सिस्टीम बदललेली नाही.) तीन दिवसांत चार मालक हजर झाले. एकाने तर पैसे भरताना आपण कुठला शर्ट घातला होता हेसुद्धा सांगितलं. खरा मालक पाचवाच निघाला, आणि त्या बिचाऱ्याला आपले पैसे आलेत याचाच पत्ता नव्हता! आमचे तेव्हाचे अकाउंटंट मला म्हणाले होते, “लक्षात ठेव, उचंतातली रक्कम कुणाच्याही खात्यात ढकलायची नाही. मागायला येणाऱ्याच्या तर नाहीच नाही.”

हे वाक्य दैवी उपचारांच्या बाबतीत कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. ते आलं वसई भागातल्या एका शाखेत माझी बदली झाल्यावर.

तिथले हेड कॅशियर सामवेदी ख्रिस्ती. घरी आपल्या बोलीत बोलणार, काउंटरवर माझ्याहून शुद्ध मराठीत, आणि सर्व्हर डाऊन झाला की इंग्रजीत. चर्चला ते ‘देऊळ’ म्हणतात. नव्याने लागलेल्या एका मुलीने त्यांना एकदा “काका, देवळात जाताय तर माझाही नारळ फोडा,” म्हणून पैसे दिले. काकांनी निमूटपणे त्या पैशांची मेणबत्ती लावली आणि तिला येऊन सांगितलं, “फोडला.”

दर बुधवारी हे गृहस्थ कॅश टॅली झाली रे झाली की निघत. माहीमला. तिथल्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालते. सकाळपासून रात्रीपर्यंत, वेगवेगळ्या भाषांत, मराठीतसुद्धा. नऊ बुधवार ओळीने जायचं, मरियामातेजवळ आपलं मागणं मांडायचं. येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आमचे कॅशियर मात्र नऊवर थांबले नव्हते. वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, लग्नानंतर दोन वर्षांत डायबेटिस निघाला. गोळ्यांनी भागणारा नव्हे, इन्सुलिनशिवाय एक दिवस न ढकलता येणारा. तेव्हापासून बावीस वर्षं ते बुधवार करत होते.

मी हिशेब घातला. बावीस गुणिले बावन्न, अकराशे चव्वेचाळीस बुधवार. भागिले नऊ, एकशे सत्तावीस नोव्हेना आणि वर एक बुधवार शिल्लक. आणि वहिनींचा डायबेटिस होता तिथेच. मी म्हटलं, “अहो, एकशे सत्तावीस वेळा अर्ज नामंजूर झाला तर आमचा कर्जदारसुद्धा बँक बदलतो.”

ते नोटांना रबर बँड लावत म्हणाले, “तुम्ही गावी आईकडे जाता ते फक्त पैसे मागायलाच का हो?”

मी गप्प बसलो. त्यानंतर मी त्यांच्या बुधवारांचा भागाकार केला नाही. पण मूळचा कॉमर्सचा किडा स्वस्थ बसेना, म्हणून इकडचं तिकडचं वाचायला लागलो आणि पहिलाच धक्का बसला. माझी समजूत अशी, की चमत्कारांवर शंका घेणं हे नास्तिकांचं काम. प्रत्यक्षात या धंद्यातला सगळ्यांत खडूस इन्स्पेक्टर खुद्द चर्चनेच नेमलेला आहे!

फ्रान्समध्ये लूर्द नावाचं गाव आहे. तिथे १८५८ साली बर्नादेत सुबिरू नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला गुहेत मरियामातेचं दर्शन झालं, असं तिने सांगितलं. झरा सापडला, लोक त्या पाण्याने बरे झाल्याचं सांगू लागले. इथपर्यंत गोष्ट कुठल्याही तीर्थक्षेत्रासारखीच. पुढचं ऐका. १८८३ मध्ये तिथे डॉक्टरांचं एक कार्यालय उघडलं. ‘मी बरा झालो’ म्हणणाऱ्याने आधी तिथे कागदपत्रं दाखवायची. आणि कागद तपासायच्या अटी त्याहून जुन्या, प्रॉस्पेरो लांबेर्तिनी या इटालियन धर्मशास्त्र्याने अठराव्या शतकात घालून दिलेल्या. हा पुढे १७४० मध्ये चौदावा बेनेडिक्ट म्हणून पोप झाला. पण त्याचा पिंड ऑडिटरचा असावा. आजार गंभीर पाहिजे. आपोआप उताराला लागण्याच्या बेतात असलेला चालणार नाही. बरं होणं एकाएकी झालं पाहिजे, पूर्ण झालं पाहिजे, टिकलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे त्यामागे औषध असता कामा नये, किंवा असलंच तर ते निरुपयोगी ठरलेलं असलं पाहिजे.

या चाळणीतून काय खाली पडलं? बरं झाल्याच्या नोंदी सात हजारांवर. त्यांतून चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले, एप्रिल २०२५ पर्यंत, बहात्तर. शंभरात एक. आमच्या बँकेत पर्सनल लोनसुद्धा यापेक्षा बरं मंजूर होतं.

त्यातला एकाहत्तरावा तर खास माझ्यासारख्यांसाठीच घडला असावा. लिव्हरपूलचा जॉन ट्रेनर, पहिल्या महायुद्धात १९१५ साली गॅलिपोलीला जबर जखमी झालेला. उजवा हात कामातून गेलेला, फिट्स येणाऱ्या, पाय लुळे. सरकारने शंभर टक्के अपंग म्हणून पेन्शन लावून दिली. १९२३ मध्ये तो लूर्दच्या यात्रेला गेला, आणि चालत परत आला. पुढे कोळशाचा धंदा काढून पोती उचलू लागला. चर्चने याला चमत्कार कधी म्हटलं? ८ डिसेंबर २०२४ रोजी. एकशे एक वर्षांनी! आणि पेन्शन? ती चालूच राहिली. हा माणूस बरा होणं शक्य नाही, असं एकदा फायलीत लिहिल्यावर तो कोळशाची पोती उचलतो की हत्ती, याच्याशी पेन्शन खात्याला काय देणंघेणं? देवाने शेरा बदलला असेल, पण खात्याने बदलला नाही.

मला या लोकांबद्दल आदर वाटला, तो त्यांच्या बहात्तर चमत्कारांमुळे नाही. उरलेले सहा-सात हजार त्यांनी उचंतात ठेवले म्हणून. ‘तुम्ही बरे झालात, आनंद आहे, घरी जा, पण आम्ही शिक्का मारणार नाही,’ असं म्हणायला धीर लागतो. शिक्का मारला असता तर गर्दी वाढली असती.

दुसऱ्या बाजूचे हिशेबनीसही पाहिले. विलायतेत फ्रान्सिस गॉल्टन म्हणून एक विद्वान होऊन गेला. त्याने १८७२ मध्ये एक भलताच सवाल काढला. विलायतेतल्या प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी राजाला दीर्घायुष्य लाभो म्हणून प्रार्थना होते. मग राजघराण्यातली माणसं जास्त जगायला नकोत? त्याने तक्ता मांडला. तिशी ओलांडलेल्या पुरुषांत राजघराण्यातले सरासरी चौसष्ट वर्षं जगले. पाद्री एकोणसत्तर. सुखवस्तू खानदानी मंडळी सत्तर. आणि व्यापारउदीमवाले अडुसष्टाच्या वर! ज्यांच्यासाठी कुणीही प्रार्थना करत नाही, उलट ग्राहक मनात शिव्याच घालतात, ते राजापेक्षा चार वर्षं जास्त. कॉमर्सचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

अमेरिकेत तर याच्याही पुढची पायरी झाली. २००६ मध्ये निकाल छापून आला. हृदयाचं बायपास ऑपरेशन झालेले १,८०२ रुग्ण, सहा हॉस्पिटलं. तीन गट केले. पहिल्यासाठी ख्रिस्ती प्रार्थना-मंडळं चौदा दिवस प्रार्थना करणार, दुसऱ्यासाठी नाही, आणि या दोन्ही गटांना आपल्यासाठी होते आहे की नाही हे माहीत नाही. तिसऱ्यासाठी करणार आणि त्यांना तसं सांगणारही. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं फक्त नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलेलं. (एवढ्याशा पत्त्यावर आमचं चेकबुकसुद्धा पोचत नाही, पण तो मुद्दा सोडा.) पहिल्या गटात शेकडा बावन्न जणांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात एक्कावन्न. आणि ज्यांना ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ असं खात्रीने सांगितलं होतं, त्यांच्यात एकोणसाठ. का, याबद्दल तर्क झाले. माझा तर्क साधा आहे. उद्या आमच्या ब्रँच मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून, ‘तुमच्यासाठी हेड ऑफिसात प्रार्थना चालू आहे,’ असं सांगितलं, तर माझंही ब्लडप्रेशर वाढेल.

हे सगळं मी मोठ्या चवीने कॅशियरना सांगितलं. ते हसले. म्हणाले, “देवाला प्रयोगशाळेत उभा केलात तर तो काय करणार? मीसुद्धा इन्स्पेक्शनच्या दिवशी नोटा चुकतो.” इथे त्यांचा-माझा सामना बरोबरीत सुटला, आणि हा लेखही खरं तर इथेच संपायचा, हलकाफुलका. पण मध्ये ती सभा झाली.

कुठल्या पंथाची, कुठे, ते मी सांगत नाही. वहिनींची मावसबहीण त्यांना घेऊन गेली. मोठा मांडव, कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर प्रवचनकाराचं तोंड बैलगाडीएवढं. लोक कुबड्या टाकून चालत होते, रडत होते, साक्षी देत होते. वहिनी सांगत होत्या की गाणी फार छान होती, आणि हे मला खोटं वाटत नाही. बावीस वर्षं रोज स्वतःच्या पोटात सुई टोचणाऱ्या बाईला कुणी तरी हजारो माणसांत ‘आज तुझी सुटका आहे’ असं सांगितलं, तर तिच्या जिवाला काय वाटत असेल ते काउंटरच्या अलीकडून कळायचं नाही. मग प्रवचनकार म्हणाला, ज्याने देवाकडून आरोग्य घेतलं त्याने परत औषधाला हात लावणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. वहिनींनी त्या शुक्रवारी रात्री इन्सुलिन बंद केलं. घरात सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी कॅशियर कामावर आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. दुपारी कळलं, वहिनी आयसीयूत. उलट्या, धाप लागल्यासारखा श्वास, शुद्ध हरपत चाललेली. डॉक्टर म्हणाले, रक्तात आम्ल साठलं आहे, अर्धा दिवस उशीर केला असतात तर अवघड होतं. चार दिवस ती बाई त्या काचेच्या आड होती आणि हा माणूस बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसलेला. मी शेजारी. आम्ही दोघांनी एकमेकांना एकही विनोद सांगितला नाही.

पाचव्या दिवशी वहिनींना वॉर्डात आणलं. त्या संध्याकाळी मांडवातले दोन गृहस्थ भेटायला आले. सभ्य, टायवाले. फळांची करंडी घेऊन आले होते. डायबेटिसच्या रुग्णाला चिकू आणि द्राक्षं. दहा मिनिटं बसले, डोळे मिटून काही पुटपुटले आणि निघताना फार मायेने म्हणाले, “बहिणीची श्रद्धा थोडी कमी पडली.”

ते गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, देवानं ऐकलं नाही याचं मला काही नाही. तो कामात असेल. पण मी मनापासून मागितलं नाही, असं हे म्हणतात. मी मागितलं होतं हो.” आणि मग त्या रडल्या. आयसीयूतही रडल्या नव्हत्या.

मी तसा भांडकुदळ नाही. ग्राहकाने शिव्या दिल्या तरी ‘टोकन नंबर?’ एवढंच विचारतो. पण त्या दिवसापासून मला या प्रश्नात एक जागा सापडली आहे, जिथे मी पाय रोवून उभा राहतो. देव बरं करतो का, मला ठाऊक नाही. करत असेल. पण हे कुठलं खातं, की ज्यात माणूस बरा झाला तर रक्कम प्रवचनकाराच्या नावावर जमा, आणि नाही झाला तर रोग्याच्या नावे खर्ची? अशी बँक कधीच बुडणार नाही, कारण तिला तोटाच नाही. तोटा सगळा ठेवीदाराचा. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा याला अफरातफर म्हणेल. आजारी माणसाकडे उरलेली शेवटची शिल्लक म्हणजे त्याची श्रद्धा. तुम्ही त्याचं इन्सुलिन काढून घेतलंत, आणि वर ती शिल्लकही ‘कमी भरली’ म्हणून शेरा मारलात!

आणि हे काही आपल्याकडचं खूळ नव्हे. अमेरिकेत कॅथरिन कुहलमन नावाची बाई अशा मोठ्या सभा घेत असे. विल्यम नोलेन या सर्जनने तिच्या सभेत बरं झाल्याचं सांगणाऱ्या तेवीस जणांचा नंतर माग काढला आणि १९७४ मध्ये पुस्तक लिहिलं. खरोखर बरा झालेला एकही त्याला आढळला नाही. त्यात एक बाई होती, मणक्याला कॅन्सर झालेली. सभेत तिने पाठीचा पट्टा काढून फेकला आणि व्यासपीठावर धावली. दुसऱ्या दिवशी मणका खचला. चार महिन्यांत ती गेली. कुहलमनबाई स्वतः १९७६ मध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर वारल्या. मी यात टोमणा मारत नाही. त्या डॉक्टरकडे गेल्या हे योग्यच केलं. फक्त पट्टा फेकणाऱ्या बाईलाही कुणी तरी ते सांगायला हवं होतं.

टायवाले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या देवळातले फादर आले. हातात तेलाची छोटी कुपी. ती पाहून वहिनींचा चेहरा पांढरा पडला. कारण त्यांच्या आजीच्या काळी हे तेल माणूस जायला टेकला की लावत. फादर कुपी घेऊन आले म्हणजे घरच्यांनी सुताराला निरोप धाडायचा. फादर हसले. म्हणाले, “बाय, ते जुनं झालं. १९७२ मध्येच पोपसाहेबांनी नियम बदलले. हे तेल आजाऱ्यासाठी आहे, मरणाऱ्यासाठी नाही.” पण तेल लावण्याआधी त्यांनी वळून नर्सला विचारलं, “सिस्टर, हिचं इन्सुलिन दिलं?” दिलं म्हटल्यावर मगच कुपी उघडली.

त्या दोन क्रियांच्या क्रमात मला जेवढं धर्मशास्त्र दिसलं तेवढं पुरे आहे. पण फादर बोलके होते. माझ्यासारखा परधर्मीय श्रोता मिळाल्यावर तर खुललेच. ते सांगत होते की शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता. संत पौलाला शरीरात काही तरी दुखणं होतं, ते जावं म्हणून त्याने तीनदा विनवलं आणि ते गेलं नाही. त्याची श्रद्धा कमी होती, असं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि लूर्दची बर्नादेत, जिच्यामुळे जगभरचे आजारी त्या झऱ्याकडे धावतात, ती स्वतः जन्मभर दम्याने बेजार. लूर्द सोडून नेव्हेरच्या मठात गेली आणि १८७९ मध्ये पस्तिसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिला त्या पाण्याचा काही उपयोग झाला नाही. चर्चने तिला संत मानलं ते ती बरी झाली म्हणून नव्हे. व्हॅटिकनने सप्टेंबर २००० मध्ये खास पत्रक काढून बजावलं आहे की आरोग्यासाठीच्या प्रार्थनांत उन्माद आणि नाटकीपणा नको. मी म्हटलं, “फादर, हे पत्रक मांडवात पोचलं नसावं.” ते म्हणाले, “त्यांचा मांडव आमच्या पत्त्यावर येत नाही हो.”

मला आपलं मिरज आठवलं. १८९४ मध्ये तिथे विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरने हॉस्पिटल उभारलं. आमच्या आजोळी पोटात गाठ आली, डोळ्यात फूल पडलं की ‘मिरजेला न्या’ म्हणत. देवाने बरं करावं अशी श्रद्धा असलेल्याच माणसांनी ते बांधलं. श्रद्धा कमी पडली म्हणून बांधलं, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी बहुधा त्याला तपासायला टेबलावर झोपवलं असतं.

इन्सुलिनचीही गंमत ऐका. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोला ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं. त्याआधी या जातीचा डायबेटिस झालेलं पोर फार तर वर्ष-दोन वर्षांचं सोबती. शोध लावणाऱ्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकलं. एका डॉलरला! आमच्याकडे डुप्लिकेट पासबुकाला जास्त पडतात. पण लांबेर्तिनीच्या नियमाने हा चमत्कार नाही, कारण यामागे औषध आहे. नियम म्हणून बरोबरच आहे. फक्त त्यामुळे वहिनींचं नाव त्या बहात्तरांच्या पुढे कधीच लागणार नाही, आणि बावीस वर्षं ती बाई रोज सकाळी उठते आहे, ही नोंद कुणाच्या नावावर टाकायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कॅशियरना विचारलं, तर ते म्हणतात, “टॅली होतंय ना? मग राहू दे उचंतात.” बुधवारी ते पूर्वीसारखेच निघतात.

सप्टेंबरात वहिनी म्हणाल्या, मोतमावलीला जायचं. बांद्र्याच्या टेकडीवरच्या या मरियामातेला कोळी मंडळी मोतमावली म्हणतात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा असते. आम्ही दोन्ही घरं मिळून गेलो. चढावर दुतर्फा मेणाच्या वस्तूंची दुकानं: हात, पाय, डोळे, डोकं, तान्हं बाळ, घर, एवढंच काय, विमानसुद्धा. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, ते मेणाचं घेऊन मावलीपुढे ठेवायचं. माझ्या सासूबाईंनी गुडघे आणायला सांगितले होते. दुकानदार म्हणाला, “गुडघा सुटा मिळत नाही. पाय अख्खा घ्यावा लागतो.” घेतला. दोन घेतले.

मग वहिनींनी विचारलं, “स्वादुपिंड आहे का?”

दुकानदाराने हातातला पाय खाली ठेवला. “काय?”

“पॅन्क्रियाज,” कॅशियर म्हणाले.

“ते कसं दिसतं?” त्याने कॅशियरकडे पाहिलं. कॅशियरनी माझ्याकडे. मी कॉमर्सचा. शेवटी वहिनींनी पोटावर हात ठेवून जागा दाखवली. दुकानदाराने जरा विचार केला, मागच्या खोक्यात हात घातला आणि एक मेणाचं पोट काढून समोर ठेवलं. “याच्या आत असेल,” तो म्हणाला.

वहिनींनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं, उजेडाला धरलं.

“याला चीर गेलीय,” त्या म्हणाल्या. “दुसरं दाखवा.”